वापरलेली वस्तू ऑनलाइन घेताना काय तपासता? (अनुभव धागा)

शेवंती
फोन, लॅपटॉप, कॅमेरा, गाडी, अशा वापरलेल्या वस्तू अनोळखी माणसाकडून घ्यायच्या तर नुसतं 'सावध राहा' सांगून कुणाचे पैसे वाचत नाहीत. म्हणून हा धागा. कुठे काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि फसवणारा नेमकी कुठे गफलत करतो, ते लिहा. आपबीतीपेक्षा कृती हवी आहे.

सुरुवात जाहिरातीपासून करते. फोटो उलट प्रतिमा शोधात (तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते दाखवणारा शोध) टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या गावच्या जाहिरातीत किंवा एखाद्या दुकानाच्या पानावर दिसला तर तिथेच थांबा. मग विक्रेत्याकडे नवा फोटो मागा: वस्तूशेजारी कागद, त्यावर आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो एक शब्द. खरा विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो. 'बाहेरगावी आहे', 'वस्तू गोडाउनला आहे' अशी उत्तरं आली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

काजवा
कागदाच्या फोटोवर आता फार विसंबू नका, तारीख आणि शब्द संगणकावर सहज चिकटवता येतात. व्हिडिओ कॉल करा आणि ऐन वेळी काहीतरी करायला सांगा: फोन उलटा धरा, चार्जिंगचं छिद्र जवळून दाखवा, सेटिंगमध्ये जाऊन सिरीयल नंबर उघडा. आधी करून ठेवलेल्या व्हिडिओत ऐन वेळची मागणी पुरी होत नाही.

ओंजळ
पैशांबद्दल लिहिते, कारण बहुतेक नुकसान वस्तू बघण्याआधीच होतं.

'टोकन पाठवा, अजून दोघं मागे लागलेत' असं म्हटलं की टोकन द्यायचं नाही. वस्तू गेली तर गेली.

मूळ नियम असा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, लिंक उघडावी लागत नाही. हे सगळं पैसे देताना लागतं. तुम्ही विकत असाल आणि घेणारा 'हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणाला, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. स्वतःचं खातं उघडून जमा रक्कम बघा, मगच वस्तू हातात द्या.

'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' हा प्रकार चेकने फार चालतो. शिल्लक वाढलेली दिसते, पण चेक नंतर न वटता परत येतो. तोवर तुम्ही परत केलेली रक्कम मात्र खरी गेलेली असते.

पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' या पर्यायाने पैसे पाठवले तर खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही. 'फी वाचेल' म्हणून विक्रेता तोच पर्याय सुचवत असेल, तर तो नक्की काय मागतोय ते ओळखा. गिफ्ट कार्डचे नंबर मागणाऱ्याशी तर एक वाक्यही पुढे बोलू नका.

रानवाट
ओंजळ यांनी लिहिलंय त्यात तिघांच्या डावाची भर घालतो. यात वस्तूही खरी असते आणि विक्रेताही खरा असतो, म्हणून सावध माणूसही फसतो.

एक जण आपली गाडी विकायला काढतो. भामटा त्याच जाहिरातीचे फोटो उचलून कमी किमतीत दुसरी जाहिरात टाकतो. तुम्ही फोन केलात की तो म्हणतो, 'गाडी माझ्या मेव्हण्याकडे आहे, जाऊन बघा, फक्त किमतीचं त्याच्याशी बोलू नका, आमचा घरचा हिशोब आहे.' खऱ्या मालकाला तो सांगतो, 'माझा भाऊ गाडी बघायला येतोय, व्यवहार आपल्यात ठरलाय, त्याच्यासमोर आकडा काढू नका.' तुम्ही जाता, गाडी पसंत पडते, कागद बरोबर असतात. पैसे मात्र भामट्याने दिलेल्या खात्यावर जातात. तो फोन बंद करतो आणि तुम्ही दोघं एकमेकांना चोर समजून भांडत बसता.

सगळा डाव एकाच अटीवर उभा आहे: घेणारा आणि देणारा किमतीबद्दल बोलता कामा नयेत. म्हणून समोरासमोर उभं राहून मोठ्याने विचारा, 'तुम्ही किती मागताय, आणि पैसे कोणाच्या नावावर पाठवायचे?' पैसे पाठवताना दिसणारं खातेदाराचं नाव, गाडीच्या कागदावरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. एकही वेगळं निघालं तर पैसे पाठवायचे नाहीत, मग त्याचं सांगितलेलं कारण कितीही पटण्यासारखं असो.

काजवा
फोनसाठी क्रम असा.

जाण्याआधी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मागवा. तो १५ अंकी असतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम जागेवरचा अंक दुप्पट करा. उत्तर दोन अंकी आलं तर ते दोन अंक मिळवून एक करा. मग सगळ्यांची बेरीज घ्या. ती १० ने भागली गेली नाही तर नंबर मनाचा दिलेला आहे किंवा लिहिताना चुकलाय. भागली गेली म्हणजे फोन चोख, असं मात्र नाही. दुसऱ्याच फोनचा नंबरही दिलेला असू शकतो.

हातात आल्यावर *#०६# दाबा आणि तोच नंबर सेटिंगमध्ये, खोक्यावर आणि खरेदीच्या पावतीवर जुळवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, तेव्हा चुकीचा जुळवून गोंधळू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खात्याचं कुलूप: जुन्या मालकाचं खातं काढल्याशिवाय फोन दुसऱ्याला वापरता येत नाही. आयफोनला २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडला ५.१ आवृत्तीपासून रीसेटनंतरही जुनं गूगल खातं मागणारं कुलूप आहे. विक्रेत्याने तुमच्यासमोर खातं काढायचं, मग सेटिंगमधून फोन पुसायचा (रीसेट करायचा), आणि तुम्ही स्वतःच्या खात्याने मुख्य स्क्रीनपर्यंत जायचं. 'रीसेट करूनच आणलाय' म्हणून स्वागताच्या स्क्रीनवरचा फोन हातात दिला तर तिथे थांबू नका. कुलूप इंटरनेट जोडल्यावरच उघडकीला येतं. त्यासाठी दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट सोबत ठेवा. 'घरी गेल्यावर खातं काढतो' याला उत्तर एकच: काढा, मग पैसे.

आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलात, आयओएस (आयफोनची प्रणाली) १५.२ पासून, बॅटरी, डिस्प्ले किंवा कॅमेरा बदललेला असेल तर सेटिंगमधल्या 'अबाउट' पानावर तशी नोंद दिसते. ही नोंद फोन पुसण्याआधीच बघून घ्या.

दुर्बीण
लेन्ससाठी छोटा टॉर्च न्या. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडं ठेवून मागून प्रकाश टाका आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. जाहिरातीतल्या फोटोत ती कधीच दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठी एफ/१६ वर, म्हणजे छिद्र लहान करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके बहुधा धूळ असते, ती साफ होते. सरळ रेघ असेल तर ओरखड्याचा संशय घ्या.

सुतारपक्षी
लॅपटॉपला वरचाच कुलपाचा नियम लागू आहे. कंपनीचा लॅपटॉप असेल तर पुसून पुन्हा इंटरनेट जोडल्यावर मॅकवर 'रिमोट मॅनेजमेंट'ची स्क्रीन येते, विंडोजवर कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं जातं. कंपनीने स्वतः मोकळा केल्याशिवाय असा लॅपटॉप तुमचा होत नाही.

बॅटरीसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग मोकळी जागा, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता, दोन्ही आकडे असतात. ५०,००० पैकी ३०,००० उरले असतील तर बॅटरी ६० टक्क्यांवर आहे, आणि बदलायचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड शक्यतो जुनी घेऊच नका. नकली कार्डाचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) मोठी क्षमता सांगतो, पण खरी जागा संपली की नवी फाइल जुनीवर लिहितो. फायलींची नावं दिसत राहतात, आतलं गेलेलं असतं. घेतलीच तर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून परत वाचा. सेकंदाला २० मेगाबाइट वेगाने ६४ जीबी लिहायलाच पाऊण तास ते तास जातो, म्हणजे भेटीच्या जागी हे होणार नाही. म्हणून परत घेण्याचं लेखी कबूल करून घ्या.

शेवंती
पार्सलने मागवत असाल तर पत्त्याच्या चिठ्ठीपासून वस्तू चालू होईपर्यंत न तोडता एकच व्हिडिओ काढा, आणि चिठ्ठीवर वजन छापलं असेल तर तेही त्यात टिपा.

ओंजळ
आणि पैसे गेलेच तर पहिला फोन बँकेला, त्याच तासात. लगेच जाहिरातीची लिंक, प्रोफाइल, नंबर आणि सगळं संभाषण जतन करा, कारण भामटा ते पुसून टाकतो. मग पोलीस तक्रार. पुढच्या काही दिवसांत 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा' असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्या फोनलाही नकार द्या.