१२००डी नंतर काय? आणि गळ्यात अडकवून फिरायला एकच लेन्स कोणती?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. सध्या कॅनन १२००डी कॅमेरा आहे. सोबत १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी), ५५-२५० एसटीएम आणि ५० एफ १.८ एसटीएम. बजेट लाखाच्या आसपास. सेकंडहँड चालेल, पण बिल पाहिजे.

फोटो कशाचे? बेळगावातली गणपत गल्ली, खडेबाजारातली गर्दी, किल्ल्यातली कमल बस्ती, हलशीची देवळं, राजहंसगड, पावसाळ्यात गोकाकचा धबधबा. आणि वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, म्हणजे सगळा रात्रीचा कारभार. पक्षी नाहीत, लग्नाच्या ऑर्डरी नाहीत.

रात्री फोकस मागं-पुढं हलत राहतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ला फोटोत दाणे दिसतात आणि गर्दीत लेन्स बदलणं नको वाटतं. नवी आर १० (मिररलेस, म्हणजे आरशाशिवायची) घ्यावी की जुनी ८०डी (आरशावाली डीएसएलआर)? लेन्स १८-१५० घ्यावी, १५-८५ घ्यावी की सरळ एफ २.८ वाली (एफ चा आकडा लहान तितका प्रकाश जास्त)?

खानापूरवाला

बॉडीचं (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं) नंतर बघू. आधी तुमचे जुने फोटो काय सांगतात ते बघा की. लाइटरूममध्ये लायब्ररी फिल्टर उघडा, मेटाडेटाच्या एका रकान्यात फोकल लेंग्थ (लेन्सवरचे १८, ५५ असे मिलिमीटरचे आकडे) लावा. लाइटरूम नसेल तर फुकटच्या डिजिकॅममध्येही हे होतं. सगळे फोटो मोजू नका, फक्त आवडून ठेवलेले मोजा. मधल्या आकड्यांकडं लक्ष द्यायची गरज नाही, ती जागा कुठलीही झूम भरून काढते. टोकं बघायची. १८ वर ढीग साचला असेल तर तुम्हाला अजून रुंद पाहिजे होतं आणि लेन्स तिथं संपली. ५५ वर साचला असेल तर अजून लांबचं पाहिजे होतं.

रुंद टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कागदावर फालतू वाटतात, पण तुमच्या कॅननचा क्रॉप १.६ आहे, सेन्सर फुलफ्रेमपेक्षा (फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा) तेवढ्या पटीनं लहान. म्हणजे १८ चे फुलफ्रेमच्या हिशोबानं २९ होतात आणि १५ चे २४. अरुंद गल्लीत पाठ भिंतीला टेकल्यावर हा फरक डोळ्यांत भरतो. लांबच्या टोकाला तसं नाही. तिथं थोडं कमी पडलं तर फोटो कापून भागवता येतं. कमी पडलेली रुंदी मात्र नंतर कुठून आणणार?

बॉडीत माझं मत आर १०. १२००डी मध्ये नऊ फोकस बिंदू, त्यात मधला एकच क्रॉस-टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा). बाजूचा बिंदू निवडून अंधारात हलत्या माणसावर रोखला की तो मागं-पुढं होणारच, त्यात लेन्सचा दोष थोडा. तोवर मधल्या बिंदूवरच फोकस घेत जा. आर १० सेन्सरवरूनच फोकस घेते आणि डोळा ओळखून धरते, त्यामुळं माणूस चौकटीच्या कडेला असला तरी चालतो. तुमच्या तिन्ही लेन्स ईएफ-ईओएस आर अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारी कडी) लावून आहे त्या ऑटोफोकससह चालतील. अडॅप्टरमध्ये काच नसते, तेव्हा दर्जा उतरत नाही.

जुन्यातलं काय चालणार नाही तेही ऐकून ठेवा. बॅटरी एलपी-ई१० ऐवजी एलपी-ई१७ लागते, आणि मिररलेस कॅमेरा बॅटरी जास्त खातो, तेव्हा जादाच्या दोन धराच. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) सीआर३ प्रकारची होते. जुनं लाइटरूम ६ ती उघडत नाही. कॅननचं डीपीपी सॉफ्टवेअर फुकट आहे ते वापरा, नाहीतर अडोबीच्या फुकटच्या कन्व्हर्टरनं डीएनजी (अडोबीचा रॉ प्रकार) करून घ्या. वायरवाला रिमोट असेल तर तो टाकू नका, दोन्हीकडं आरएस-६०ई३ च लागतो.

निपाणीकर

बॉडीबद्दल सहमत. लेन्सबद्दल मात्र एक स्पष्ट बोलतो: दिवसाची फिरती आणि रात्रीची मिरवणूक एकाच झूममध्ये बसवायचा हट्ट सोडा.

आरएफ-एस १८-१५० दिवसा फार सोयीची आहे. वजन ३१० ग्रॅम, लांबचं टोक २४० च्या बरोबरीचं, आणि रुंद टोकाला वस्तूच्या अगदी जवळ जाता येतं, हलशीचं कोरीवकाम टिपायला ते बरं पडतं. पण १५० ला ती एफ ६.३ आहे. एफ २.८ च्या तुलनेत तिथं प्रकाश पाचपट कमी येतो. २.८ ला जे काम आयएसओ १६०० वर होतं त्याला इथं ८००० लागतं. लेन्समधला आयएस (स्टॅबिलायझर) इथं उपयोगाचा नाही. तो तुमचा हात सावरतो, समोर लेझीम खेळणाऱ्या पोराला थांबवत नाही. त्याला १/२५० च पाहिजे.

रात्रीसाठी सिग्मा १८-५० एफ २.८, आरएफ माउंटची (आर १० वर थेट बसणारी). ३०० ग्रॅमची लेन्स, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही आणि आर १० च्या बॉडीतही नाही. फोटोला अडत नाही, कारण मिरवणुकीत शटर तसंही १/१२५ च्या खाली न्यायचं नसतं. हातात धरून व्हिडिओ काढणार असाल तर मात्र घ्यायच्या आधी दुकानात लावून बघा. लगेच दोन्ही घ्यायला पैसे नसतील तर तुमची ५० एफ १.८ आहेच. एफ २ वर ठेवा, किट लेन्सच्या ५५ वरच्या एफ ५.६ पेक्षा आठपट प्रकाश मिळतो. फक्त ती ८० सारखी बसते, तेव्हा चित्ररथाच्या अगदी पुढ्यात न जाता कडेनं चेहरे टिपा.

सेटिंग: एम (मॅन्युअल) मोड, शटर १/२५०, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा १२८००. चित्ररथावरचे दिवे चौकटीत आले की मीटर फसतो आणि चेहरे काळे पडतात. आर १० ला एम मध्ये ऑटो आयएसओ असतानाही एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन देता येतं (फोटो मुद्दाम उजळ-गडद करता येतो). १२००डी ला ते जमत नाही. नुसत्या ह्या एका सोयीसाठीसुद्धा मी बॉडी बदलीन.

आणखी एक. इलेक्ट्रॉनिक शटर रात्री बंद ठेवा. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळं एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू करा. वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तो लुकलुकाट ह्यानं सांभाळला जातो. एलईडीच्या मोठ्या पडद्यांचा वेग वेगळा असतो, तिथं पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आणून बघा.

अनगोळ

८०डी ची बाजू कोणीच घेईना म्हणून लिहितो. २०१६ ची बॉडी आहे, पण ४५ फोकस बिंदू आणि सगळे क्रॉस-टाइप. वळणारा स्क्रीन, धूळ आणि शिंतोड्यांपासून थोडं संरक्षण (आर १० ला तेही नाही), आणि व्ह्यूफाइंडरमधून बघत कंपनीच्या मोजणीनं एका चार्जिंगवर ९६० फोटो. अडॅप्टर लागत नाही. सोबत जुनी ईएफ-एस १५-८५ घेतली तरी बजेट उरतं.

पण समोर बसून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागच्या बाजूनं मोबाइलची टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, किंमत कितीही पाडून मिळाली तरी नको. धुळीचे चार कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नका. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो, फोकस मुद्दाम घालवून. काळे ठिपके दिसले की सेन्सरवर घाण. ब्लोअरनं गेली तर गेली, नाहीतर सफाईचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

कॅननच्या जुन्या झूममध्ये, विशेषतः १७-८५ मध्ये, छिद्राची पट्टी आतून तुटायची खोड आहे. पूर्ण उघड्या छिद्रावर फोटो येतो आणि एफ ८ केलं की एरर ०१. म्हणून कुठलीही जुनी झूम असो, रुंद, मध्य आणि लांब अशा तिन्ही जागी एफ ८ वर फोटो काढूनच बघा. १५-८५ उलटी धरली की नळी आपोआप खाली घसरते. ते बहुतेकांचं होतं, बिघाड नव्हे. शटर किती वेळा पडलंय तो आकडा कॅनन फोटोच्या फाइलमध्ये लिहीत नाही. विकणारा फोटोवरून काढून दाखवतो म्हणाला तर त्यावर जाऊ नका.

जांबोटी रोड

वरच्यांनी लेन्सवर एवढं लिहिलं आणि मिरवणुकीतल्या लेझरचं नाव कोणीच काढलं नाही! डीजेच्या गाडीवरचा लेझर सरळ लेन्समध्ये आला तर सेन्सर क्षणात जळतो. प्रत्येक फोटोवर रंगीत रेघ किंवा ठिपका कायमचा राहतो, आणि दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं. जुन्या डीएसएलआरमध्ये आरसा खाली असेपर्यंत सेन्सर झाकलेला असतो. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असताना सतत उघडा, त्यामुळं हा धोका जास्त. लेझर फिरत असेल तर गाडीकडं तोंड करून उभंच राहू नका, आणि दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा खाली वळवून ठेवा. पुढं लावलेला यूव्ही फिल्टर लेझर अडवत नाही.

आता पाऊस. आर १० ला सील नाही, १८-१५० लाही नाही. गोकाकला घटप्रभा भरून वाहत असली की तुषार झुलत्या पुलापर्यंत येतात. तिथं महागडं रेनकव्हर लागत नाही. जाड पॉलिथीनची पिशवी उलटी घाला, तळाला भोक पाडून लेन्सच्या हुडावर (पुढं लावायच्या कडीवर) रबरानं आवळा. १८-१५० चा हुड ईडब्ल्यू-६०एफ, वेगळा घ्यावा लागतो. पाणी रेशमासारखं पाहिजे असेल तर सीपीएल (पोलरायझर फिल्टर) लावा. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), ओल्या खडकावरची चमकही काढतो. ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर १/४ च्या आसपास उतरतं, एनडीशिवाय (प्रकाश अडवणाऱ्या काळ्या फिल्टरशिवाय) भागतं. एफ ११ च्या पुढं जाऊ नका, ह्या आकाराच्या सेन्सरवर फोटो मऊ पडायला लागतो.

खरं नुकसान मात्र घरी आल्यावर होतं. जून ते सप्टेंबर, खानापूर-कणकुंबी पट्ट्यात तर जास्तच, कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा वीसेक लिटरचा प्लॅस्टिक डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत पाहिजे. ३० च्या खालीही नेऊ नका, आतलं वंगण आणि रबर वाळतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, हिरवट झालं की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये परत नारिंगी होईपर्यंत तापवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात नको. चामड्याचं कव्हर, कापूर आणि डांबरगोळ्या डब्याबाहेर. आणि तांदळात कॅमेरा पुरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पिठूळ भुगा बटणांत शिरतो.

चोर्ला घाटात एसी गाडीतून उतरताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या. लगेच काढला तर थंड काचेवर दव धरतं, आणि पुसलं तरी आतलं जात नाही.

शहापूरकर

लेझरचं डोक्यातच नव्हतं, आभारी आहे.

खानापूरवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं फिल्टर लावून बघितलं. निम्म्याहून जास्त फोटो १८ वरच आहेत. ५५ वर थोडे, ते बहुतेक मिरवणुकीतले. ५५-२५० चे फार कमी. मग १८-१५० घेण्यात अर्थ आहे का? जुनी १५-८५ अडॅप्टरवर लावली तर? आणि माझ्याकडं ५८ मिमीचा सीपीएल आहे, तो वाया जाईल का?

खानापूरवाला

नाही घ्यायची १८-१५०. २५० ची लेन्स घरात पडून आहे म्हणताय, मग लांबच्या टोकाला पैसे कशाला?

१५-८५ तुमच्या रुंदीला बसते, पण ५७५ ग्रॅम, वर अडॅप्टरचे ११० आणि हलकी बॉडी. तोंडाकडं जड होऊन दिवसभर मान ओढते. रात्री तिचाही उपयोग नाही, कारण ८५ ला एफ ५.६.

मी असं करीन: आर १० ची नुसती बॉडी, सिग्मा १८-५० एफ २.८ कायम लावलेली, आणि बजेटमध्ये बसली तर आरएफ-एस १०-१८. ती १५० ग्रॅमची आहे, शर्टाच्या खिशात मावते आणि १० म्हणजे १६ ची रुंदी. नाही बसली तर पुढच्या वर्षी. कमल बस्तीत तिची कमी भासेल, पण तिथंही तोडगा आहे. छतातल्या कमळाच्या बरोबर खाली कापडाची घडी ठेवून त्यावर कॅमेरा पाठीवर झोपवा, १८ मिमी, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलवर कॅननचं कॅमेरा कनेक्ट अॅप लावलं की चौकटही बघता येते. ट्रायपॉडला अशा संरक्षित वास्तूंत परवानगी विचारावी लागते, घडीला कोण काय म्हणणार?

सीपीएल ठेवा. सिग्माचा धागा ५५ मिमी. ५५ ते ५८ ची स्टेप-अप रिंग घ्या, तोच फिल्टर बसतो. मागताना आकडे नीट सांगा, ५८ ते ५५ ची स्टेप-डाउन हातात दिली तर ती उपयोगाची नाही. रिंग लावल्यावर सिग्माचा हुड मात्र बसणार नाही, तेव्हा धबधब्याला पिशवीचं रबर फिल्टरच्या कडेवर आवळा. सीपीएल फिरवायला बोटभर जागा सोडून.

निपाणीकर

अडॅप्टर घ्यायला विसरू नका, तुमची ५० त्याच्यावरच चालणार. बॉडीसोबत स्कीममध्ये देतात का ते बिल करायच्या आधी विचारा. आणि बिलावर बॉडी-लेन्सचे सिरीयल नंबर घालून घ्या. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण त्याला इथल्या सर्व्हिस सेंटरात वॉरंटी मिळत नाही.