माहुली गडाच्या मुक्कामी ट्रेकला भाकरी कशी न्यावी?

ठाण्याहून शनिवारी पहाटे निघून रविवारी परत. तांदळाची न्यावी की ज्वारीची? दुसऱ्या दिवशी चामड होते.

ऐरोली:
तांदळाची हवी तर उकडीचीच. एक वाटी पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तेल. उकळी आली की एक वाटी पीठ घालून गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. गरम असतानाच मळा. तरीही ती पहिल्या दुपारपर्यंतच. मुक्कामाला घाम धरते, मग आंबते.

डोंबिवली:
दुसऱ्या दिवसासाठी ज्वारीची पातळ कडक भाकरी. तव्यावरून काढून मंद आचेवर पापडासारखी वाळवायची, पूर्ण गार झाल्यावर सुती फडक्यात. गरमच डब्यात कोंबली की वाफेने बुरशी येते, दोष पिठाचा नसतो. सोबत लसणाची कोरडी चटणी आणि कांदा. ओला ठेचा उन्हात टिकत नाही.

कळवा:
पीठ नेऊन वर भाजायचा विचार असेल तर सोडा. माहुलीचं जंगल तानसा अभयारण्यातलं, चूल पेटवू नये. पायथ्याच्या गावात सांगून ठेवा, गरम मिळते.
घरी करताना ताजं दळण घ्या. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, थापताना कडा फाटतात. वरून लावलेलं पाणी सुकत आलं की लगेच उलटा. पूर्ण सुकू दिलंत तर तडे जातात, मग फुगत नाही.

ऐरोली:
बाजरीचं पीठ तर आठवड्यातच कडवट लागतं, तेही बघा.