मदत हवी आहे: म्युझियमची थीम ‘गैरहजेरी’, पण ती प्लॅनमध्ये आणू कशी?

सनबोर्ड

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, मुंबईतच. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण आमचे एक सर इथे गुपचूप वाचत असतात असा मला दाट संशय आहे.

या सेमला डिझाइनला अख्ख्या वर्गाला मिळून एकच थीम दिलीये, गैरहजेरी. प्रत्येकाने मुंबईत एक म्युझियम करायचं, विषय आपापला, साइट आपापली, फक्त जे आता नाहीये ते इमारतीतून जाणवलं पाहिजे, बोर्ड वाचून नाही. एकाने मिठी नदी घेतलीये, एकीने बंद पडलेली सिंगल स्क्रीन थिएटरं. एका मित्राने २६ जुलै २००५ घेतलाय, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ना, तर हा पठ्ठ्या सगळ्या गॅलऱ्यांमधून जमिनीपासून बरोब्बर ९४४ मिमीवर एकच रेघ फिरवतोय, बाकी भिंती कोऱ्या. ज्युरी, म्हणजे मॉडेलं तपासायला बसलेले परीक्षक, गप्पच झाली. मला आनंद झाला आणि पोटातही दुखलं.

मी गिरणी घेतली. आईचे बाबा गिरणीत होते, मी दुसरीत असताना ते गेले, म्हणून विषय घरचा वाटला. साइट काळाचौकीला, बंद गिरणीच्या आवारातला साधारण ४,००० चौरस मीटरचा तुकडा, चिमणी शाबूत आहे, जुन्या शेडचा थोडा भाग पण. मी काय केलं, चिमणीभोवती रँप फिरवला, तो उतरत उतरत बेसमेंटमध्ये एका उंच काळोख्या खोलीत जातो आणि तिथे वरून उजेडाची एक तिरकी फट. बाजूला स्टोअर. मॉडेलसाठी तीन रात्री जागले, कटरने बोट कापून घेतलं, आणि ज्युरीला बाहेरून आलेल्या मॅडमनी आत डोकावून एवढंच विचारलं, “हे बर्लिन झालं, लालबाग कुठेय यात?” बरं, अडतीस जणांच्या वर्गात निदान वीस मॉडेल्सना ती फट आहे, पण बोलणी मला.

सोळा दिवसांनी फायनल आहे. फट काढून टाकली तर हातात काय राहतं तेच कळत नाहीये. गिरणीत असलेल्या, नसलेल्या, कोणाच्या घरी कोणी गिरणीत होतं अशा कोणीही लिहा प्लीज. केस स्टडीही चालतील, शक्यतो बघून येता येतील अशा.

कॉलम बीम

मॅडमचं चुकलं नाही गं. तू केलंयस ते सगळेच करतात, मीही केलं होतं, फक्त आमच्या वेळी ते बटर पेपरवर होतं.

बर्लिनचं ज्यू म्युझियम नीट बघ, फोटो नको, प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढ. आर्किटेक्ट डॅनियल लिबेस्किंडची ती इमारत २००१ मध्ये लोकांसाठी उघडली. वेडीवाकडी नागमोडी इमारत आणि तिला आरपार छेदत जाणारी रिकामी जागा, जिच्या बऱ्याचशा भागात तुम्हाला जाताच येत नाही, फक्त पुलांवरून पलीकडे जाता. रस्त्यावरून दारच नाही, शेजारच्या जुन्या इमारतीतून जमिनीखालून आत शिरायचं. बाहेरच्या बागेत तिरक्या जमिनीवर ४९ खांब, चालताना तोल जातो. त्या फटी, तो काळोख, सगळं त्या शहरातून माणसं नाहीशी केली गेली त्याबद्दल आहे. तुझ्या आजोबांना कोणी तसं नाहीसं केलं नव्हतं, ते कामावर गेले होते. दोन गैरहजेऱ्यांत फरक आहे आणि तो ड्रॉइंगमध्ये यायला पाहिजे.

बघून येण्यासारखं म्हणशील तर जयपूरला जा, रात्रीची गाडी आहे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं जवाहर कला केंद्र. जयपूर शहराच्या आखणीवरून घेतलेले नऊ चौकोन, त्यातला एक जागेवरून सरकवलेला, आणि तिथूनच आपण आत जातो. मधला चौकोन तर बांधलेलाच नाही, आकाशाखाली मोकळा, चारी बाजूंनी पायऱ्या. रिकामी जागा दाखवायला काळोख लागत नाही हे तिथे दुपारी बारा वाजता कळतं. जमलं तर जाताना अहमदाबादला साबरमतीचं गांधी संग्रहालय पण कर, कोरियांचंच, १९६३ चं, सहा मीटरचे चौक जोडत नेलेत, काही छपराखाली, काही उघडे, आणि खिडक्यांना काच नाही.

खडूस

म्हणजे आता सबमिशनं पण धाग्यावर करून मिळणार तर. आमच्या वेळी लायब्ररी नावाची एक वस्तू होती.

डिलाईल रोडचा

खडूसराव, पोरगी आजोबांबद्दल विचारतेय, ते काय लायब्ररीत बसलेत?

बाळा, माझे वडील एकोणतीस वर्षं गिरणीत होते, साचाखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे. पहिली गोष्ट, गिरणीत गैरहजेरी असं कोणी म्हणत नव्हतं. शब्द होता खाडा. आज खाडा झाला, महिन्यात तीन खाडे पडले, असं. आणि खाड्याची गंमत तू समजून घे, कारण तुझं अख्खं म्युझियम तिथे आहे असं मला वाटतं.

गिरणीत पर्मनंट असायचे आणि बदली असायचे. बदलीवाला रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर येऊन उभा राहायचा, कोणाचा खाडा पडला की मुकादम त्याला आत घ्यायचा. नाही पडला तर घरी परत, त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणजे एकाचा खाडा ही दुसऱ्याची भाकरी. माझे वडील सुरुवातीची पाच वर्षं बदली होते, ते सांगायचे की गेटवर उभं असताना मनात यायचं आज कोणीतरी आजारी पडू दे, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

राहण्याचं पण तेच. आमची खोली म्हणजे गावकीचा गाळा, दहा बाय बाराचा असेल नसेल, त्यात एका गावची वीस-बावीस माणसं. एवढी माणसं एकदम झोपूच शकत नाहीत, म्हणून एक पाळी कामावर असताना दुसरी झोपायची. पहिल्या पाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीवाला येऊन पसरायचा, चादर अजून गरम असायची. भिंतीला खुंट्या होत्या, प्रत्येकाची ठरलेली. खुंटीवर घरचा सदरा लटकतोय म्हणजे माणूस गिरणीत, खुंटी रिकामी म्हणजे माणूस खोलीत किंवा नाक्यावर. जेवण खानावळीत. त्या खानावळवाल्या बायकांना विसरू नको, १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांचं.

आणि मग १८ जानेवारी १९८२. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाख माणसांचा एकदम खाडा. गेटवर बदलीवालाही नाही. तो संप अधिकृतपणे कोणी मागे घेतलेलाच नाही, म्हणजे हिशेबाने तो खाडा अजून चालूच आहे म्हण.

सनबोर्ड

काका!!! मी हे लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि करी रोडला उतरायचं ते चिंचपोकळीला उतरले.

मी आत्तापर्यंत गैरहजेरी म्हणजे रिकामी खोली धरून चालले होते. गाळ्यात तर रिकामं काहीच नव्हतं. एक जण नाही म्हणून दुसरा आहे. रात्री आजीला फोन केला, तर ती म्हणाली हो मग, तुझ्या आजोबांची खुंटी दारापासून तिसरी, लग्नानंतर मी गावाहून पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा सदरा बघूनच कळलं होतं की हे कामावर गेलेत, मग बाहेर कठड्याशी बसून राहिले पाळी सुटेपर्यंत. एवढी वर्षं हे कधी बोलली नव्हती, मी कधी विचारलंही नव्हतं म्हणा.

तर आता असं डोक्यात आहे की म्युझियम पण पाळीवर चालवायचं. शेडमधला एक मोठा हॉल, तीन पाळ्या, सकाळी महापालिकेच्या शाळेतली मुलं, दुपारी म्युझियम, रात्री भजनी मंडळ, कामगार रंगभूमीच्या तालमी असं काहीतरी. एक पाळी गेल्याशिवाय दुसरीला जागा नाही. आणि आत शिरताना तिकीट खिडकीऐवजी खुंट्यांची भिंत, येणाऱ्याने आपली बॅग, छत्री, काय असेल ते लटकवायचं, म्हणजे आत किती माणसं आहेत ते भिंतीवरून कळेल. हे बालिश वाटतंय का? खरं सांगा. चिमणीभोवतीचा रँप ठेवू का?

कॉलम बीम

बालिश नाही. आता कुठे तुझं झालंय ते.

रँपचं गणित कर आधी. १ ला १२ चा उतार, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी, धरलास आणि मजल्याची उंची साडेचार मीटर धरलीस तर ५४ मीटर नुसता रँप, वर लँडिंग वेगळी. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये, १९५९ ची इमारत आहे ती, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने रँपलाच गॅलरी केलं, लिफ्टने वर जायचं आणि चालत खाली यायचं, म्हणून तिथे तो पैसा वसूल आहे. तुझ्या रँपवर माणूस काय बघणार, चिमणीच्या विटा? जमिनीवरच राहा. गिरणीचं गेट जमिनीवरच होतं. आणि गेटवर उभं राहायची जागा दे, चांगली ऐसपैस, छपराखाली, जिथे थांबावंच लागतं. ज्या दिवशी गर्दी त्या दिवशी आतला एक बाहेर आल्यावर बाहेरचा एक आत. लोक वैतागतील. वैतागू देत.

कपाटाची किल्ली

मी एका वस्तुसंग्रहालयात जतन विभागात आहे, कुठल्या ते राहू दे. कल्पना छान आहे म्हणून दोन-तीन कटकटी आत्ताच सांगते, नाहीतर नंतर आमच्यासारख्यांच्या गळ्यात येतात.

बेसमेंटमधलं स्टोअर आजच्या आज वर काढ. काळाचौकी, हिंदमाता, परळ हा पट्टा पावसात तुंबतो हे तुला मी सांगायला नको. मस्टरची, म्हणजे गिरणीच्या हजेरीची, वही एकदा भिजली की तिची पानं सोडवता सोडवता दिवस जातो आणि शाई जाते ती जातेच.

दुसरं, शेडच्या छपराला करवतीच्या दातांसारखे उत्तरेकडे उघडणारे काचेचे पट्टे असतील, ते बघून तुम्हा लोकांना कायम प्रेम येतं. ते सूत तुटलेलं दिसावं म्हणून केलेले होते, भरपूर पण सावलीचा उजेड. आमच्याकडे कापड आणि कागद साधारण ५० लक्स एवढ्याच उजेडात ठेवतात, म्हणजे तुला आत शिरल्यावर अंधारच वाटेल. त्या छपराखाली कापड लावलंस तर काही वर्षांत रंग उडालेला असेल. आणि उत्तर म्हणजे ऊन नाही हे विलायतेत खरं. मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पावसाचे ढग असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मेअखेरीस उघडं ऊन सरळ आत.

म्हणून मोठ्या छपराखाली लोखंड आणि माणसं ठेव. लूम, साचे, मुलं, भजन, काय हवं ते. कागद आणि कापडाला आतल्या अंगाला, वरच्या मजल्यावर एक लहान बंद खोली, हवा कोरडी, दमटपणा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास. लहान म्हणजे लहानच, एसीचं बिल कोण भरणार. तुझी काळोखी खोली तुला परत मिळाली बघ, पण आता तिला कारण आहे.

आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून ये, भायखळ्याला, १८७२ चं आहे. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, कारागिरांच्या छोट्या मूर्ती आहेत कपाटांतून, एवढ्या-एवढ्या. एकेका माणसासमोर आपण किती वेळ उभे राहतो ते स्वतःचंच मोजून ये. चालू आहे ना ते बघून जा फक्त.

खडूस

लायब्ररीबद्दलचं मागे घेतो. भजनी मंडळ रात्रीचं ठेवतेस तर टाळ-पखवाज ठेवायला कपाट दे. आमच्या मंडळाचे पखवाज तीस वर्षं कोणाच्या ना कोणाच्या पलंगाखाली आहेत. सकाळच्या मुलांच्या हाताला लागणार नाही असं दे.

सनबोर्ड

कपाट देते काका, कुलपासकट.

अपडेट: चिमणीभोवतीचा रँप गेला, बेसमेंट गेलं, फट गेली. स्टोअर आणि मस्टरची खोली वरच्या मजल्यावर. गेटबाहेर मोठं छप्पर आलं, तिथे बाकडी ठेवली होती ती सरांनी काढायला लावली, म्हणाले बदलीवाला बसत नव्हता. हे त्यांना कसं माहीत असा मला प्रश्न पडलाय, सर तुम्ही हे वाचत असाल तर नमस्कार.

एरिया स्टेटमेंट, म्हणजे कशाला किती चौरस मीटर त्याचा हिशेब, अजून जुळत नाहीये पण ते माझं मी बघते. एकच राहिलंय, डिलाईल रोडवाल्या काकांना. खुंट्यांची भिंत उद्या डिटेल करायला घेतेय. खुंट्या किती उंचीवर होत्या, आणि कोणाची कुठे हे कसं ठरायचं? आजी म्हणते दारापासून तिसरी, पण का तिसरी ते तिला आठवत नाही.

डिलाईल रोडचा

उंची हात वर करून सदरा अडकवता येईल एवढी, साडेपाच फूट धर. त्याहून खाली घेतल्या तर झोपलेल्याच्या तोंडावर बाह्या लोंबतात.

दाराजवळच्या खुंट्या बदलीवाल्यांच्या. त्यांना पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गेट गाठायचं असायचं, अंधारात कोणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून. पर्मनंट झाला की माणूस आत भिंतीकडे सरकायचा. तुझे आजोबा तिसऱ्या खुंटीला आले तेव्हा बदली असणार. पुढे पर्मनंट झाले असतील तर सरकले का नाहीत ते आजीला विचार. माझे वडील नाही सरकले, म्हणायचे दाराशी वारा लागतो.