घरातलं ऑटोमेशन : वर्षभरानंतरही काय टिकलं?

पहिला स्मार्ट दिवा घरात आला की दोन दिवस त्याचे रंग पाहुण्यांना दाखवून होतात. तिसऱ्या दिवसापासून तो पांढराच. माझे असे निम्मे प्रयोग सध्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. म्हणून या धाग्यावर 'काय घ्यावं' हे नको. जे लावून वर्ष उलटलं आणि तरी घरात कुणी 'काढून टाक ते' म्हणालं नाही, त्याबद्दल प्रत्येकाने खाली आपापला अनुभव लिहा. फसलेलंही लिहा, किंबहुना तेच आधी.

सुरुवात मीच करतो. जिन्यात मोशन सेन्सर आहे. रात्री ११ ते पहाटे ५ दिवा फक्त १० टक्के उजेडाने लागतो आणि दोन मिनिटांत विझतो. डोळ्यांवर झोत येत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आल्यावर परत झोप लागते. तोच सेन्सर अभ्यासाच्या खोलीत लावला आणि फजिती झाली. वाचत बसलं की दहा मिनिटांत अंधार, मग हवेत हात हलवायचे. असल्या पीआयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला माणूस कळत नाही, उष्णतेची हालचाल कळते. स्वस्थ बसलेला माणूस त्याच्या लेखी भिंतच. मिलिमीटर-वेव्ह रडारचा सेन्सर श्वासाची हालचालही टिपतो, म्हणून तो आणला. त्याला आता पंख्याने हलणारा पडदाही माणूस वाटतो.

* * *

वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. रात्री उठून दार उघडायचे आणि बाहेर पडायचे. मी आणि भाऊ आळीपाळीने जागायचो. भाऊ म्हणाला, खोलीत कॅमेरा लावू. आईने साफ नकार दिला. "त्यांना कळत नसलं तरी मला कळतं," म्हणाली.

मग दाराला चुंबकाचा सेन्सर लावला. चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ असलं की जुळणारा), दारावर लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक दूर जातं, इतकंच त्याचं शास्त्र. रात्री १० नंतर दार उघडलं तर माझ्या उशाशी दिवा लागतो. आधी भोंगा ठेवला होता. त्याने ते इतके बिचकले की दुसऱ्याच दिवशी काढला.

पुढे त्यांच्या पलंगाखाली एलईडीची पट्टी आणि मोशन सेन्सर लावला. पाय खाली टेकले की मंद उजेड, आणि तसाच न्हाणीघराच्या दाराशी. हे फक्त ते धडपडू नयेत म्हणून केलं होतं. पण तेव्हापासून बहुतेक रात्री ते उजेडाच्या मागे न्हाणीघरात जातात आणि परत येऊन झोपतात. बाहेरचं दार महिन्यातून एखाद्या वेळी उघडतं. म्हणजे इतके दिवस ते न्हाणीघरच शोधत होते की काय? आम्ही कुलपांचा विचार करत बसलो होतो.

* * *

मला ऐकू येत नाही. बेल वाजली की हॉलचा दिवा दोनदा मिचकतो. कपडे धुवून झाले की स्वयंपाकघरातला दिवा निळा होतो. वॉशिंग मशीन जुनंच आहे; वीज मोजणाऱ्या प्लगवर ते सलग तीन मिनिटं ५ वॉटच्या खाली राहिलं, की धुणं झालं असं समजायचं. आधी एकच मिनिट ठेवलं होतं, तेव्हा मशीन मध्ये थांबलं तरी निळा उजेड पडायचा.

धुराचा अलार्म मात्र यातल्या कशावरही सोडलेला नाही. त्यासाठी उशीखाली थरथरणारी वेगळी तबकडी आहे. वायफाय गेलं तरी तिचं काही अडत नाही.

* * *

गळती सांगणारा सेन्सर, सिंकखाली. दोन वर्षं गप्प होता. मागच्या महिन्यात पहाटे ४ वाजता ओरडला, पाइपचा जोड सुटला होता. बाकी माझ्याकडे काही नाही आणि काही नकोही आहे.

* * *

कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी सर्व्हर बंद केले आणि माझे सहा प्लग मुके झाले. वस्तू धडधाकट, ॲप मात्र नुसतं गोल फिरतंय. तेव्हापासून नवीन काहीही आणलं की आधी राउटरची इंटरनेटची वायर काढून बघतो. तरीही चाललं तरच ते घरात राहतं. आता सगळं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर घरातल्याच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आहे, दिवे झिग्बी या इंटरनेट न लागणाऱ्या रेडिओवर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानकही घरच्या नेटवर्कवरच चालतं. खोक्यावर ती खूण बघा. आणि बॅकअप घ्या हो! माझ्या त्या संगणकाचं मेमरी कार्ड आठ महिन्यांत मेलं, सगळे नियम पुन्हा लिहीत बसलो.

* * *

हे सगळं लावणारा नवरा आहे, मी त्यात राहते. माझी अट एकच: भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. त्याने आधी स्मार्ट बल्ब आणले. आलेल्या माणसाने सवयीने बटण बंद केलं की बल्बची वीजच जाते, मग फोनवरून काय लागणार? आता बटणाच्या मागे रिले आहे, म्हणजे फोनवरूनही चालणारा छोटा स्विच; बल्ब साधे. परवा रात्री २ वाजता वीज जाऊन आली आणि उरलेले चार स्मार्ट बल्ब पूर्ण उजेडाने पेटले. वीज परत आल्यावर बंदच राहायचं, अशी सेटिंग असते म्हणे. ती करायची राहिली होती.

* * *

वडिलांबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारतो: पलंगाखाली सेन्सर नेमका कुठे लावलात? आमच्याकडे कूस बदलली तरी उजेड होतो.

* * *

पायाशी, जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, तोंड खाली करून. वरच्या बाजूला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, म्हणजे त्याला फक्त पावलं दिसतील.