बुलेझ कोरडा होता?

फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) म्हणून थोर, पण संगीतकार म्हणून कोरडा आणि गणिती, असं एक मत मांडलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. त्याच्या ‘नोतास्यों’ ऐकून बघा. 1945 साली, ऐन विशीत लिहिलेल्या पियानोच्या बारा छोट्या रचना. तीसेक वर्षांनी त्यातल्या पहिल्या चार त्याने भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नव्याने विस्तारल्या. त्यातली दुसरी ऐकताना अंगावर काटा येतो, इतकी ती उसळते. ह्याला कोरडं कसं म्हणायचं?

त्याची जीभ मात्र तिखट होती. आधुनिक संगीतातला मोठा संगीतकार शोनबर्ग 1951 मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी ह्याने लेख लिहिला, ‘शोनबर्ग मेला’. अशा वाक्यांनी त्याचं नाव उगाच खराब झालं, आणि त्यात दोष त्याचाच.

कंडक्टर म्हणून तो हातात बेटन, म्हणजे संचालनाची छडी, घेत नसे. नुसत्या बोटांच्या इशाऱ्यावर फ्रेंच संगीतकार देब्युसीचा एकेक सूर सुटा, स्वच्छ ऐकू यायचा. 1976 मध्ये जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात दिग्दर्शक शेरोबरोबर वाग्नरची ‘रिंग’ ही ऑपेरामालिका केली तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. 1980 च्या शेवटच्या प्रयोगाला तिथेच तासाभराहून जास्त टाळ्या पडल्या.

आणि वारसा म्हणाल, तर पॅरिसची इर्काम ही संगीत-संशोधन संस्था आणि 1976 मध्ये त्याने उभा केलेला आंसांब्ल अँतेरकोंतांपोरॅं हा वाद्यवृंद. आजच्या संगीतकारांच्या नव्या रचना तिथे पूर्ण तयारीने वाजवल्या जातात. हे काम मला त्याच्या ध्वनिमुद्रणांइतकंच मोठं वाटतं.