खोडदची दुर्बीण सुधारली, पण आमच्या रेल्वेचं काय?

तबकडीप्रेमी: पुणे–नाशिक रेल्वे नारायणगाववरून नेता येत नाही, कारण जवळच खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितल्यापासून 'ती जुनाट दुर्बीण हलवा' हा सूर ऐकतोय. जुनाट? 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या जागच्या जागी ठेवून फीड (तबकडीवरच्या लहरी गोळा करणारा भाग), रिसीव्हर, मागची संगणक यंत्रणा असं जवळजवळ सगळं बदललंय. आधी एका वेळी रेडिओ लहरींचा 32 मेगाहर्ट्झचा पट्टा दिसायचा, आता 400. तेही निरीक्षणं चालू ठेवून! सरकारी प्रयोगशाळा अशीच सुधारावी. एरवी आधुनिकीकरण म्हणजे आधी ग्रॅनाइट, मग कोनशिला.

जुन्नरी: कौतुक मान्य. पण यंत्र तुमचं सुधारलं आणि गाडी आमची गेली. टोमॅटोचे क्रेट अजून हायवेवरच. एवढं हुशार यंत्र आहे, तर त्याला रेल्वेचा गोंगाट गाळता येत नाही?

तबकडीप्रेमी: गंमत तिथंच आहे. पट्टा अरुंद होता तेव्हा त्यातल्या त्यात शांत जागा निवडता यायची. 400 उघडले की मोबाइल, टीव्ही, सगळेच आत घुसतात. गाळणी बसवलीय, पण ओव्हरहेड तारेवरची ठिणगी एकाच वेळी सगळीकडे तडतडते. ती गाळली तरी तेवढ्या क्षणाचं निरीक्षण गेलंच.

जुन्नरी: म्हणजे तुमचं यंत्र जितकं सुधारणार, तितकं आम्ही गप्प बसायचं! मग बोगदा काढा की. खर्च दुर्बिणीच्या खात्यात टाका.

हिशेबनीस: मला वेगळंच खटकतं. दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियात एसकेए ही अनेक देशांची अजस्र रेडिओ दुर्बीण उभी राहतेय, आपण त्यासाठी 1250 कोटी मंजूर केलेत. मग खोडदवर आणखी किती ओतायचे?

तबकडीप्रेमी: एसकेएच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरचं काम भारताकडे आलं ते खोडद चालवण्याच्या अनुभवावर. घरची विहीर बुजवून धरणात वाटा मागायचा का? बोगद्याचं मात्र पटतं. दुर्बिणीचं संरक्षण हा प्रकल्पाचाच खर्च धरायला हवा, तो एकट्या तालुक्याच्या माथी का?

जुन्नरी: एवढं मान्य केलंत, बरं वाटलं. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला पोरीला घेऊन खोडदला जातो. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं की खुराड्यासारख्या जाळीतून आभाळ दिसतं, आणि ही जाळी अब्जावधी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन ऐकते म्हटल्यावर ऊर भरूनच येतो. नाशिकला मात्र अजून एसटीनंच जातोय.