जानापावकडचे गोल धोंडे हिमनदीचे असतील का?

माळवी_गोटा:
इंदूरजवळच्या महूहून जानापाव टेकडीकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या चढावर मीटर-दीड मीटरचे काळे, गोल धोंडे मुरमात रुतलेले दिसतात. कॅनडातल्या ओकोटोक्सजवळचा १६,५०० टनांचा धोंडा हिमनदीने आणून टाकला म्हणे. हेही तसलेच का? हातोडी-भिंग घेऊन गेलं तर नेमकं काय बघायचं?

कातळ:
नाही हो भिया, हे जागच्या जागी गोल झालेत. लाव्हा थंड होताना आकसून चिरा पडल्या, त्यांत पाणी मुरलं. ते ठोकळ्याचा कोपरा तीन बाजूंनी खातं, कड दोन बाजूंनी, सपाट अंग एकाच. म्हणून कोपरे आधी झडतात. हातोडी मारा. बाहेरून पिवळट पापुद्रे कांद्यासारखे सुटले आणि आत ठणठणीत काळा बसाल्ट लागला, की प्रश्न मिटला.

उपरा_धोंडा:
गोलाईवर जाऊच नका, दगडाची जात बघा. ओकोटोक्सचा धोंडा क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचा आहे, त्या मैदानाखाली मात्र वालुकाश्म आणि शेल (चिखलाचा थरांचा खडक). तसला क्वार्ट्झाइट जॅस्परकडच्या रॉकी पर्वतात सापडतो. तिथे हिमनदीच्या पाठीवर दरड कोसळली आणि धोंडा बर्फावर बसून आला. तळाशी रगडला गेला नाही, म्हणून ४१ मीटर लांब, ९ मीटर उंच असूनही अजून कोनाकोनाचाच आहे. पर्वतातला बर्फ पूर्वेकडच्या अवाढव्य हिमचादरीला भिडून दक्षिणेला वळला, आणि त्याच वाटेवर याच जातीच्या धोंड्यांची शेकडो किलोमीटरची रांग पडली आहे. खरा पुरावा ती रांग.

चकाकीही फसवते. प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानातल्या, कित्येक धोंड्यांच्या कडा बायसननी (रानगव्यासारखी जनावरं) अंग घासून गुळगुळीत केल्यात!

माळवी_गोटा:
मग आपल्याकडे हिमनदीची खूण कुठेच नाही?

कातळ:
माळव्यात गेल्या हिमयुगातही हिमनदी नव्हती. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी गोंडवन या प्राचीन महाखंडात होती, पण इथला बसाल्ट जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा. त्या जुन्या बर्फाचे तालचेर थर बघायला नर्मदेपलीकडे, सातपुड्याच्या कोळसापट्ट्यात जावं लागेल. हिरवट, बारीक गाळात मधेच डोक्याएवढे वेगवेगळ्या जातींचे गोटे दिसतील. वाहतं पाणी इतका बारीक गाळ आणि इतके मोठे गोटे एकत्र टाकत नाही. १८५६ मध्ये भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधूंना ओडिशातल्या तालचेरला बर्फाची शंका आली ती यावरूनच. चंद्रपूर जिल्ह्यात इरईला तर खालच्या चुनखडकावर ओरखडेही आहेत.

उपरा_धोंडा:
ओरखडे बघताना जेसीबीचे दात विसरू नका. ते ताजे, पांढरट असतात आणि झिजलेली साल फोडून जातात. हिमनदीचा ओरखडा सालीइतकाच जुना दिसतो. गोट्यावर एखादी बाजू घासून सपाट झालेली आणि तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा असतील, तर फोटोत शेजारी नाणं ठेवा आणि इथे टाका.